वाळूतली रेघ

दरवर्षी मैत्रिणी गोल्फ खेळायला कुठेतरी जायच्या. यंदा नोलीननं सगळ्यांना आपल्या गावी, थेट वाळवंटाच्या कडेला आणलं. तिथं गवताचं नाव नाही. भोकाभोवती तेल शिंपून दाबलेली काळी वाळू.

सिडनीची रोंडा नवीकोरी काठी मिरवत म्हणाली, "अगं, हे मैदान आहे की सांडलेलं डांबर?"

"खेळ तर खरी," नोलीन म्हणाली.

शेवटच्या भोकाशी दोघी बरोबरीत होत्या. इथं चेंडू मारण्याआधी लांब दांड्याची फळी ओढून चेंडूपासून भोकापर्यंतची वाट आपणच सपाट करायची असते. रोंडानं ती घाईघाईनं ओढली आणि ऐटीत चेंडू मारला. तो वाकड्या रेघेवरून इमानेइतबारे गेला आणि भोकाच्या बाजूनं निघून गेला.

नोलीननं फळी दोन्ही हातांनी धरली आणि अजिबात घाई न करता सरळ ओढली. मग गंजक्या काठीनं चेंडू ढकलला आणि पाठ फिरवून चालू लागली. मागून टप् आवाज आला.

"बाई गं, तू बघितलंसुद्धा नाहीस!" रोंडा ओरडली.

"बघायचं काय त्यात? फळी ठेवली तेव्हाच तो आत गेला होता."