तीनदा उमटणारी ओळ

प्रोग्राम आपल्या कामाची नोंद ज्या फाइलीत ठेवतो, त्या लॉगमधली प्रत्येक ओळ तीनदा उमटत होती. फाइल भराभरा फुगत गेली, ग्राहकाचा सर्व्हर गच्च भरला आणि आदल्या दिवशी सकाळी बंद पडला. साहेब ठमीच्या टेबलाशी आले.

"तुझ्या दादाला कालपासून चूक सापडत नाहीये. जरा बघतेस?"

ठमीला हसूच आलं. दादाला सापडत नाही? तिला प्रोग्रामिंग शिकवलं दादाने, या कंपनीत आणलं त्यानेच. लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीची, म्हणजे त्या तयार कोडची, मांडणी सेटिंगच्या फाइलमध्ये न ठेवता थेट कोडमधून करायची, हा हट्टही त्याचाच.

दादा कपाळाला हात लावून बसला होता. "ये, ठमे. डोक्याचा पार भुगा झालाय."

"सरक तिकडे. म्हातारा झालास तू."

"अजून पन्नाशी नाही आली! जिभेला काही हाड?"

तिने आधी नेहमीचा संशय घेतला. लॉगर म्हणजे नोंद करणारे कोडचे तुकडे, एकावर एक रचलेले : धाकटा स्वतः ओळ लिहितो आणि वर थोरल्याकडेही पाठवतो, मग तोही तीच लिहितो. तिने ते पाठवणं बंद करून प्रोग्राम पुन्हा चालवला. तरी तीनच. मग फाइलमध्ये लिहिणारे हँडलर त्या लॉगरला किती जोडलेत, ते तिने छापून पाहिलं. एक हवा होता. तीन होते.

शोधल्यावर कोडच्या तीन वेगवेगळ्या फाइलींत तीच जोडणी सापडली, शब्द न् शब्द तीच. वरचा शेराही तोच : 'हँडलर फक्त इथेच जोडायचा, दुसरीकडे कुठेही नाही.'

"कुण्या गाढवाने चिकटवलंय हे?" दादा म्हणाला. "काढ बघू नाव."

कोणती ओळ कुणी लिहिली याची नोंद असते, त्यातून ठमीने काढलं. तिन्ही ठिकाणी दादाचंच होतं, एकाच महिन्यातलं.

दादा स्क्रीनकडे बघत राहिला. "हे मी नाही लिहिलं." जरा वेळाने आवाज खाली आला. "ठमे, मला एकही आठवत नाहीये गं."

"होतं रे कामाच्या रगाड्यात."

"असं नाही होत. परवा गाडी सुरू केली आणि कुठे जायचंय तेच आठवेना. तसाच बसून राहिलो. तुझ्या वहिनीला सांगितलं, चाक पंक्चर झालं होतं."

ठमीने जास्तीच्या दोन जोडण्या काढून टाकल्या. ओळ एकदाच उमटली. एरवी दोघांनी टाळी दिली असती. साहेबांना तिने सांगितलं, लायब्ररीची जरा भानगड होती, मिटली. मग जिन्यात जाऊन तिने वहिनीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"घरात मी केव्हापासून बघतेय," वहिनी म्हणाली. "वाटायचं, निदान ऑफिसात तरी ते ठीक असतील." आणि तिला रडू फुटलं.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. औषधाने वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, असंही सांगितलं. परतताना गाडी ठमी चालवत होती, दादा-वहिनी मागे बसले होते.

"पोरीला इतक्यात काही बोलू नका," दादा म्हणाला. मुलगी परगावी शिकत होती. "परीक्षा होऊ दे तिची. मग मीच सांगेन." वर म्हणाला, "तोवर माझ्या लक्षात राहिलं, म्हणजे मिळवली."

दोघींपैकी कुणालाच हसता आलं नाही. वहिनीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

नोकरी सोडण्याआधीचे काही आठवडे दादा आपलं काम ठमीला समजावून देत होता. रोज खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसायचा. कधी कालचंच पुन्हा, त्याच उत्साहाने सांगायला लागायचा. ठमी त्याच्याकडे न बघता स्क्रीनवर डोळे लावून ठेवायची आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं म्हणायची, "हं, मग?"