आज इमान्त्स आहे

फुलवालीने कागद गुंडाळायच्या आधीच एवियाने फुलं मोजून घेतली. सात होती. तिने हळूच सुस्कारा सोडला. म्हणजे निदान कबरीवर जायचं नव्हतं.

गेले काही दिवस तिच्या डोक्यात कबरच होती. लात्वियातल्या त्सेसिस गावच्या या दोघी मैत्रिणी, एविया आणि मादारा, पाठीवर पिशव्या टाकून निघाल्या, त्याला तीन आठवडे होत आले होते. तालिन झालं, हेलसिंकी झालं, बोटीने स्टॉकहोम, तिथून गोथेनबर्ग आणि कोपनहेगन. एवियाच्या पायाला भिंगरी. तिला नॉर्वेत बर्गनपर्यंत जायचं होतं, त्यासाठी वर्षभर तिने बेकरीत पहाटेच्या पाळ्या केल्या होत्या. पण कोपनहेगनला पोचल्यापासून मादाराचं लक्षच उडालं. कालव्याकाठी बसली की ती फोनवर तारीख बघायची. बर्गनचं नाव काढलं की तिथल्या पावसाचं कारण सांगायची. शेवटी हट्टाने एवियाला मागे फिरवून तिने स्टॉकहोमच्या दक्षिणेला, न्यूनेसहाम नावाच्या या बंदराच्या गावी आणलं होतं. इथून व्हेंट्सपिल्सला, म्हणजे घराकडे, बोट जाते हे खरं. पण त्यांची तिकिटं उद्याची होती. एक दिवस आधी येऊन इथे काय बघायचं, ते मादारा सांगेना.

शिवाय तो पाव. मादाराच्या पिशवीच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळलेला, शहाजिरे घातलेला अख्खा काळा पाव होता. घरून निघाल्यापासून होता. कोपनहेगनला पोटात कावळे ओरडत असताना एवियाने त्याला हात घातला, तर मादारा अशी अंगावर आली की एविया दोन तास तिच्याशी बोलली नव्हती. परदेशात पाव जपून ठेवणारी माणसं एवियाने एकाच प्रसंगी पाहिली होती. तिच्या आजोबांनी सैबेरियात पुरलेल्या भावाच्या कबरीवर न्यायला असाच एक पाव जपला होता. तेव्हापासून तिला वाटत होतं, इथे कुणीतरी पुरलेलं आहे.

पण सात फुलं जित्या माणसाची. मेलेल्याला सम न्यायची, जित्याला विषम, हे त्यांच्याकडे शिकवावं लागत नाही. चमचा धरायला लागल्यापासून पोरांना ठाऊक असतं. फुलवालीला मात्र ते कुठून ठाऊक असणार? तिला या दोन मळक्या प्रवासी पोरींचं कौतुक वाटलं असावं. तिने बादलीतलं डेझीचं आणखी एक फूल उचललं आणि हसत हसत गुच्छात खोचलं, फुकट.

दोघींचे हात एकदमच पुढे गेले. एवियाचा आधी पोचला. तिने ते आठवं फूल उपसून काढलं आणि आपल्या पिशवीच्या पट्ट्यात अडकवलं. फुलवाली बघतच राहिली.

"आता बोल," रस्त्याला लागल्यावर एविया म्हणाली. "कोण जिवंत आहे इथे?"

मादाराने गुच्छाचा कागद नीट केला. मग म्हणाली, "बाबा."

एविया थांबली. शाळेपासूनची मैत्री, पण मादाराचे बाबा हा विषय तिने कधी काढला नव्हता. ते सुतार होते, मादारा दहा वर्षांची असताना स्वीडनला कामाला गेले, मग आईबाबांचं फाटलं, एवढं गावात सगळ्यांनाच माहीत होतं. पुढचं मादाराने आत्ता चालता चालता सांगितलं. सुरुवातीला दर रविवारी फोन यायचा. पंधराव्या वर्षी तिने रागाच्या भरात त्यांना सांगितलं, पुन्हा फोन करू नका. आणि त्यांनी नाही केला. सरळ माणूस, सांगितलं ते ऐकलं. पत्ता आत्याकडून मिळाला होता.

"त्यांना माहितीये तू येतेयस?"

"आज इमान्त्स आहे," मादारा म्हणाली.

एवियाला आता लख्ख उमगलं. त्यांच्या कॅलेंडरात प्रत्येक तारखेला कुणा ना कुणाचं नाव असतं, आणि ज्याचं नाव त्याचा तो दिवस. वाढदिवसाला बोलावणं लागतं. नावाच्या दिवसाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यावंसं वाटेल तो येतो, आणि ज्याचा दिवस आहे त्याने टेबल मांडून घरात बसायचं असतं. दारात भांडलेला भाऊ आला तरी त्याला कॉफी द्यावी लागते. मादाराचे बाबा इमान्त्स होते.

"म्हणजे बोलावणं लागत नाही, म्हणून आज."

"हाकलता येत नाही, म्हणून आज."

"धन्य आहेस बाई. अर्धा युरोप पालथा घातलास एका दारासाठी, आणि मला वाटलं आपण भटकायला निघालोय." एवियाला खरोखरच राग आला होता. बर्गन डोळ्यांपुढे आलं, पहाटेच्या पाळ्या आठवल्या. "आधी सांगितलं असतंस तर मी काय आले नसते?"

"सांगितलं असतं तर मला यावंच लागलं असतं," मादारा म्हणाली.

एविया पिशवी वर सरकवून चालत राहिली. थोड्या वेळाने तिने वेगळीच शंका काढली: इतकी वर्षं स्वीडनमध्ये राहून माणूस आपला दिवस पाळत असेल का? इथल्या कॅलेंडरात आज भलत्याच कुणाचं नाव असणार. मादाराने फुलं या हातातून त्या हातात घेतली.

घर चढावरच्या पिवळ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होतं. शेवटच्या पायऱ्या मादारा इतक्या सावकाश चढली की एवियालाच धाप लागल्यासारखं झालं. आणि दारापाशी येऊन दोघी जागच्या जागी थबकल्या.

दाराला झाडू टेकवलेला होता. दुकानातला साधा झाडू, लाल प्लास्टिकच्या दांड्याचा. पण टेकवलेला होता नीट, तिरका, दांडा कडीपाशी आणि केस उंबऱ्यापाशी.

"बाहेर गेलेत," मादारा म्हणाली. "आज बाहेर गेलेत."

दोघींच्याही आजोळच्या खेड्यांत हा झाडू होता. घरात कुणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. मात्र जिथे झाडू टेकवतात तिथे कुलूप लावत नाहीत. आलेल्याने आत बसायचं असतं. पण ही गोष्ट खेड्यातली. इथे तिसऱ्या मजल्यावर, खाली दाराला आकडे दाबायचं यंत्र आणि जिन्यात कॅमेरा. यंत्राला मात्र त्यांनी हातही लावला नव्हता. कुणी बाहेर पडत होतं आणि त्याने दार धरून ठेवलं होतं.

वरच्या मजल्यावरून एक म्हातारी कुत्र्याला घेऊन उतरत होती. पोरींच्या पिशव्या बघून थांबली आणि आपल्या इंग्रजीत बोलू लागली. इमान्त्सकडे आलात का? तो नाही, बंदरावर गेलाय. तो शहाणा माणूस आहे, तिच्या स्वयंपाकघराची फडताळं त्यानेच केलीत, पण वर्षातून एकदा त्याला हे असं होतं. सकाळपासून भाजण्याचा वास सुटतो, मग हा झाडू दाराला लावतो, आणि पलीकडची, लात्वियाची बोट यायच्या वेळेला जाऊन धक्क्यावर उभा राहतो. जिन्यात वस्तू ठेवायच्या नाहीत असा नियम आहे, तिने दोनदा सांगून पाहिलं.

"मी म्हटलं, झाडूने चोर थांबत नाही," म्हातारी म्हणाली. "तर म्हणतो, चोरासाठी नाहीच तो."

"बोटीवरून कोण येतं?" एवियाने विचारलं.

"कुणी नाही येत. दुसऱ्या दिवशी सगळं डबा भरून मला आणून देतो." तिने कुत्र्याचा पट्टा ओढला. "चांगलं असतं. मला मेलीला वजन उतरवायला सांगितलंय डॉक्टरने."

ती उतरून गेली. खाली दार बंद झाल्याचा आवाज आला तरी मादारा झाडूकडेच बघत उभी होती. एवियाला तिच्या मनातलं कळत होतं. हाकलता येत नाही ते घरात माणूस असताना. रिकाम्या घरात शिरायचं, तर आपण त्या घरचे आहोत असं आधी स्वतःच म्हणावं लागतं. ते मादाराला जड जात होतं.

"आपण बंदरावर जाऊ," ती म्हणाली. "लांबून बघू."

"लांबून बघायला आलीयेस? मग कोपनहेगनहून बघायचं होतंस." एवियाने झाडू बाजूला धरला आणि कडी दाबली. दार उघडलं.

आत टेबल मांडलेलं होतं. पांढरी चादर, कपबशा, शहाजिऱ्याचं चीज, मोठ्या गाठीच्या आकाराचा पिवळाधमक गोड पाव आणि फडक्याखाली झाकलेल्या, डुकराचं मांस आणि कांदा भरून भाजलेल्या करंजीएवढ्या पिराग्या. खुर्च्या सहा होत्या, दोन वेगळ्या रंगाच्या, बहुतेक शेजाऱ्यांकडच्या. इतकी माणसं येतील असं त्यांना कशावरून वाटलं असेल, हे एवियाला कळेना. एका माणसाने एवढं सगळं पहाटेपासून एकट्याने केलं होतं. बेकरीतल्या पोरीला ते बघताक्षणी समजलं.

मादारा दाराच्या आत, पायपुसण्यावरच उभी होती. एविया मात्र भुकेली होती. मोठ्या ताटातल्या पिराग्यांना हात लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून तिने कडेला ठेवलेल्या छोट्या बशीतली एक उचलली. तिच्यावर काट्याने टोचल्याची चार बारीक भोकं होती. तिने अर्धी खाल्ली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाकी झकास आहे. पण यात कांदा घालायला विसरलेत."

मादाराने मान वर केली. "कुठली घेतलीस?"

एवियाने बशी दाखवली. मादारा पुढे आली. बशीतल्या सगळ्या पिराग्यांवर चार-चार भोकं होती. तिने एकेकीवरून बोट फिरवलं. लहानपणी ती पिराग्या उकलून आतला कांदा वेचून टाकायची, आणि आई ओरडायची. मग बाबा थोड्या तिच्यासाठी बिनकांद्याच्या करायचे आणि चुकून दुसऱ्या कुणी खाऊ नयेत म्हणून काट्याची खूण करायचे.

"आता मी कांदा खाते," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली आणि खुर्चीत बसली. मग रडली. एवियाने तिला रडू दिलं, अर्धी पिरागी तशीच हातात धरून. आपण खायला नको होती, असं तिला फार वाटत होतं.

बंदराकडून बोटीचा भोंगा ऐकू आला. एविया खिडकीशी गेली. इथून धक्का दिसत नव्हता, नुसती बोटीची पांढरी कड आणि वर घिरट्या घालणारे पक्षी दिसत होते. जाऊन त्यांना घेऊन येऊ का, असं तिने विचारलं. मादाराने मान हलवली. पाहुण्याने यजमानाला शोधत हिंडायचं नसतं. तिने तोंड धुतलं, पिशवी उपसून तळाचा पाव काढला, टॉवेल सोडला आणि पाव टेबलाच्या मधोमध ठेवला. मग ती एकदम दाराकडे गेली आणि बाहेरचा झाडू आत घेऊन आली.

"आपण आहोत ना घरात," ती म्हणाली. "मग तो बाहेर कशाला?"

एवियाने तो कपाटामागे ठेवला. गाळणीत कॉफी घातली. बराच वेळ काही झालं नाही. मग चढावर एक माणूस दिसला. निळं जाकीट, उघडं डोकं, हात खिशात. बोटीवरची माणसं त्याच्या मागून पुढे जात होती, आणि तो वाट सोडून त्यांना जाऊ देत होता. एविया खिडकीतून मागे सरली. तिने मादाराला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, कारण खाली दार वाजलं तशी मादाराने फुलं उचलली होती.

पावलं जिना चढू लागली. जड, एका लयीतली, घरी परतणाऱ्या माणसाची. तिसऱ्या मजल्यावर आली आणि थांबली.

दोघी दाराकडे बघत होत्या. पलीकडे तो माणूस काय बघत असेल ते दोघींनाही ठाऊक होतं. जिथे झाडू ठेवून गेला होता तिथे झाडू नव्हता. कॉफीचा वास फटीतून बाहेर जात असणार. म्हातारीने नेला, असं म्हणावं तर म्हातारी कॉफी करणार नव्हती.

मग घंटी वाजली. त्याच्या स्वतःच्या दाराची घंटी, एकदाच, दबकत दाबलेली.

मादारा फुलं धरून अर्धवट उठली. तिने एवियाकडे बघितलं. एविया जागची हलली नाही. हे दार तिचं नव्हतं.

"उघडंच आहे," मादारा म्हणाली. ते बाहेर ऐकू गेलं नसणार. मग पुन्हा, मोठ्याने म्हणाली, "उघडंच आहे, बाबा."

एवियाने पाठ वळवली आणि तिसरा कप भरायला घेतला.