होडी सोडू नको वं!

मनकर्णाबाईंना मासे धरायचं वेड माहेरापासूनचं. उमरेडकडच्या त्यांच्या गावात वावराला लागूनच तलाव होता आणि बांबूच्या काठीला गळ बांधून त्या लहानपणापासून तिथे बसायच्या. लग्न झालं, सुशील झाला, नागपुरात बेसाला घर झालं, तरी रविवारची सकाळ त्यांनी कुणाला दिली नाही. साठी जवळ आली होती, पण गळाला झटका बसला की त्यांचा चेहरा अजून उजळायचा.

म्हणून त्यांच्या सुनेनं, अपेक्षानं, एकदा मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला तेव्हा हातातला चहा तसाच राहिला. एक बाई अरुंद होडीवर पाय लांब करून बसली होती, चहूकडे समुद्र, आणि तिच्या गळाला भलामोठा मासा.

"या होडीले काय म्हणते वं?"

"कयाक, आई. वल्ह्यानं चालवायची."

"मले शिकवन का कोनी?"

अपेक्षा आधी हसली, मग तिनं शोध घेतला. ती रामदासपेठेतल्या एका बँकेत अधिकारी होती. पट्टीची पोहणारी, पण सासूबाईंना एकटं सोडायला नको म्हणून तिनं दोघींचीही नावं घातली.

सुशीलला हे पटलं नाही. "आई, नागपूरले समुद्र कुठी हाये?"

"नाई, म्हणून तं जा लागते ना गा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

शहराबाहेरच्या तलावावर वैदेही शिकवायची. नागपूरच्याच धरमपेठेतली मुलगी, कोकण किनाऱ्यावर काही हंगाम काढून आलेली. तलावावर तयारी पूर्ण करतील त्यांनाच ती मालवणच्या बाजूला समुद्रावर नेणार होती. पहिल्या दिवशी मनकर्णाबाई स्वतःचा गळ घेऊनच आल्या. वैदेहीनं तो हसून बाजूला ठेवला.

"काकू, मासा शेवटी. आधी तुम्ही."

मग तिनं दोघींना लाइफ जॅकेट चढवायला लावलं आणि खांद्यांना धरून वर ओढून पाहिलं. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं, तर पट्टे पुन्हा आवळायला लावले. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली हवी, वल्हं आणि गळाची काठी होडीला बांधलेली हवी, गळाचा दोरा पायात अडकला तर कापायला चाकू हाताशी हवा. कुठे जातोय आणि कधी परत येतोय हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगितल्याशिवाय निघायचं नाही.

"आणि वारा," वैदेही म्हणाली. "जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा सगळ्यात फसवा. किनाऱ्यावर पाणी अगदी शांत दिसतं आणि तुम्ही कधी लांब गेलात ते कळतच नाही. होडी उलटली तर होडी धरून ठेवायची. माणूस जॅकेटमुळे तरंगतो. वाऱ्यानं नेलेली होडी मात्र परत येत नाही."

हे सगळं मनकर्णाबाईंनी पटकन उचललं. अडलं ते एकाच ठिकाणी. होडी मुद्दाम उलटवायची, सरळ करायची आणि पाण्यातून परत वर चढायचं. ज्याला ते जमणार नाही, त्याला समुद्र नाही, ही वैदेहीची अट.

अपेक्षा पहिल्याच दिवशी चढली. मनकर्णाबाई होडीची कड धरायच्या, सगळा जोर हातांवर घ्यायच्या, आणि होडी त्यांच्याच अंगावर कलंडायची. पोहणं त्यांना विहिरीत शिकवलेलं होतं, पाण्याची भीती नव्हती. पण नाकातोंडात पाणी जायचं, काठावर बसलेली कॉलेजची पोरं बघत राहायची. असे बरेच रविवार गेले. एकदा घरी येऊन त्या न जेवताच झोपायला गेल्या.

"आई, राहू दे ना," सुशील दुसऱ्या दिवशी म्हणाला. "कोन जबरदस्ती करून राहिलं तुले?"

"कोनीच नाई," त्या म्हणाल्या. "माह्यं मन करून राहिलं."

पुढच्या रविवारी वैदेही स्वतः पाण्यात उतरली. "काकू, तुम्ही वर चढायला बघता. चढू नका. पाय मागे पाण्यावर आणा, पोहताना मारता तसे मारा, आणि होडी पोटाखाली ओढा."

मनकर्णाबाईंनी डोळे मिटले. पाय मागे गेले, वर आले. त्यांनी जोरात पाय मारले आणि होडी छातीखाली, मग पोटाखाली सरकली. क्षणभर त्या आडव्या पडून राहिल्या, मग अंग वळवलं आणि धपकन बसल्या. काठावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या लगेच पुन्हा पाण्यात पडल्या आणि पुन्हा वर आल्या. सूर्य डोक्यावर येईपर्यंत त्या पडत होत्या आणि चढत होत्या.

थंडीत तिघी समुद्रावर गेल्या. सुशील सोबत आला, किनाऱ्यावरचा माणूस म्हणून. सकाळी वाळूवर वैदेहीनं हात वर करून वारा पाहिला. जमिनीकडून येणारा, मतलई, पण अगदी मंद. "त्या खडकाच्या पुढे जायचं नाही. वारा वाढला की लगेच परत."

समुद्र पाहून मनकर्णाबाई काही वेळ वल्हं मारायच्याच विसरल्या. इतकं पाणी, आणि त्यावर आपण! खडकाच्या अलीकडे दोघींनी गळ टाकले. वैदेही बाजूला थोडी लांब होती. वारा किंचित वाढला, तशी तिनं परत फिरायची खूण केली. त्याच वेळी अपेक्षाच्या काठीला जबर हिसका बसला. काठी वाकली, अपेक्षा त्या बाजूला झुकली आणि होडी उलटली.

अपेक्षा वर आली, पण समोरून तिचा आमिषाचा डबा वाहत चालला होता. तिनं होडी सोडून डब्याला हात घातला.

"डबा जाऊ दे! होडी सोडू नको वं!" मनकर्णाबाई ओरडल्या.

तोवर उशीर झाला होता. वाऱ्यानं उलटी होडी पलीकडे ढकलली होती. अपेक्षानं दोन हात मारले, पण होडी तिच्यापेक्षा वेगानं जात होती. "आई!" ती घाबरून ओरडली.

मनकर्णाबाईंचा जीव सुनेकडे धावला. वल्हं मात्र त्यांनी होडीकडे वळवलं. पोरीच्या अंगावर जॅकेट आहे, ती तरंगेल. होडी गेली तर परत येणार नाही. त्यांनी शिट्टी दातांत धरून तीनदा फुंकली, जीव खाऊन वल्हं मारलं, होडीच्या पुढे जाऊन आपली होडी आडवी घातली आणि उलट्या होडीची दोरी पकडली.

"इकडे ये! घाबरू नको, हळूहळू ये. मी धरून हाये!"

अपेक्षा धापा टाकत पोहोचली. तिनं होडी सरळ केली. मनकर्णाबाईंनी दोन्ही होड्या बाजूबाजूला आणून आपलं सगळं अंग त्यांच्यावर टाकलं. "आता पाय मागं. मार पाय! पोट टाक!"

अपेक्षा वर आली, बसली आणि रडायलाच लागली.

शिट्टी ऐकून आलेली वैदेही शेजारी थांबली. तिनं आधी अपेक्षाच्या पायांभोवती दोरा नाही ना ते पाहिलं. आणि तेवढ्यात होडीला बांधलेली काठी पुन्हा वाकली. मासा अजून गळालाच होता.

"आई, तुम्ही ओढा, माझ्या हातांत आता जोर नाही."

"नाई. तुह्या गळाले हाये, तूच ओढ. आम्ही होडी धरतो."

दोघींनी दोन बाजूंनी होडी धरली. अपेक्षानं डोळे पुसले आणि ओढायला सुरुवात केली. सरतेशेवटी पाण्यातून चांदीसारखी सुरमई वर आली तेव्हा तिघीही एकदमच किंचाळल्या.

परतताना वारा समोरून होता. तिघी अंग वाकवून वल्ही मारत राहिल्या. किनारा कितीतरी वेळ तेवढाच लांब वाटत होता. मग वाळू दिसली, गुडघाभर पाण्यात उभा असलेला सुशील दिसला. त्यानं आईची होडी धरली आणि तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मले काय पाहून राहिला?" मनकर्णाबाई हसत म्हणाल्या. "बायकोनं धरलेली मच्छी पाह्य!"

नागपूरला परतल्यावर वैदेहीच्या नव्या तुकडीत बेसाच्या बऱ्याच बायका आल्या. वैदेहीनं मनकर्णाबाईंना सगळ्यांसमोर उभं केलं आणि समुद्राचा अनुभव सांगा म्हणाली. बायका सरसावून बसल्या. मनकर्णाबाईंनी जॅकेटचे पट्टे आवळले आणि होडी पाण्यात ढकलली.

"बोलन मी मंग," त्या म्हणाल्या. "चाला, आधी पान्यात पडा."