माझी मुकी पट्टी

मी एक जुनी पायपेटी आहे. पायांनी भाता मारायचा, हातांनी पट्ट्या दाबायच्या, की पोटातल्या पितळी पात्या बोलतात. चर्चमध्ये वेदीच्या डाव्या अंगाला माझी जागा. मित्रांनो, गोडगोड गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे बघा. माझ्या पोटात वीस वर्षं एक कागद अडकला होता, त्याचं मला सांगायचंय.

मंडळीत दोन बहिणी होत्या, त्यांतली थोरली मला वाजवायची. दर शनिवारी दुपारी माझी मागची फळी उघडून एकेक पाती मऊ ब्रशने पुसायची. तशी बडदास्त कुणी ठेवली नाही. मग धाकटी संगीत शिकून परत आली. तिने हात ठेवला आणि, खरं सांगते, मलाच माझा आवाज नवा वाटला. चर्चचे पाळकसाहेब थोरलीला म्हणाले, "या रविवारी धाकटीला बसू द्या. तुम्हालाही जरा विश्रांती."

विश्रांती! तो शब्द तिला चांगलाच झोंबला.

शनिवारी ती आली. "पुसायचं मी आणि वाहवा हिची!" असं पुटपुटत तिने फळी उघडली. माझ्यावर धाकटीने ठेवलेली घडीची चिठ्ठी होती. असतील गीतांचे क्रमांक, असं समजून थोरलीने ती उघडलीसुद्धा नाही. आणखी दोन घड्या घातल्या आणि मधल्या एका पातीत दडपली.

रविवारी ती पट्टी मुकी झाली. गीत अडखळलं, एकदा नाही, तीनदा. मागच्या बाकावर कुणीतरी फिदीफिदी हसलं. धाकटी अर्ध्यावर उठली. बाहेर जाताना म्हणाली, "ताई, माझं काय चुकलं गं?"

"सराव कमी पडला," थोरली म्हणाली.

धाकटीने पुन्हा कधी कुठल्याच पेटीला हात लावला नाही. थोरलीला तिची जागा परत मिळाली. कागद काढायला मात्र तिचा हात धजेना. ती पट्टी चुकवून वाजवायची, आणि मंडळीही तसंच गायला शिकली. लहान मुलांना तर वाटायचं, चाल मुळातच अशी आहे. थोरली रोज देवाजवळ क्षमा मागायची. जिचं वाईट केलं तिच्याजवळ मात्र चकार शब्द नाही. मला तिचा राग यायचा. माझाही यायचा, गप्प तर मीही होते.

मग एका रविवारी प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, आधी नवे पाळक म्हणाले, "भावाचं-बहिणीचं वाईट केलं असेल, तर आधी त्यांची क्षमा मागा, मग प्रभूच्या मेजापाशी या." थोरली वाजवता वाजवता थांबली. भर उपासनेतून उठून गेली.

दुपारी ती धाकटीला घेऊन आली. सगळं सांगून झालं असावं, दोघींचे डोळे सुजले होते. फळी उघडून थोरलीने कागद ओढून काढला. धाकटीने तो उलगडला आणि तिच्यापुढे धरला. 'ताई, शेवटचं गीत तूच वाजव. तुझ्याशिवाय मला धीर येणार नाही.'

थोरली मटकन खालीच बसली. "तुझी कशी गं क्षमा मागू?"

"मागितलीस की मघाशी. प्रभूने मला किती माफ केलंय, तुला काय माहीत?" धाकटी म्हणाली. "पण वीस वर्षं गेली, ताई. ती परत नाही यायची." तिची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. "ऊठ. भाता मार."

थोरलीने भाता मारला. धाकटीने एका बोटाने ती पट्टी दाबली. मी घोगरी वाजले, पण वाजले.

मित्रांनो, माझी धूळ सावकाश पुसा. ज्याचा हेवा वाटतो, त्याच्याकडे मात्र आजच जा. बोटं सरळ आहेत तोवर जा.