थंड व कोरड्या जागी

आमच्या ह्यांनी पस्तीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं आणि दोन वर्षांपूर्वी बंद केलं. दुकान गेलं, सवय गेली नाही. आता ते त्यांच्या छंदाच्या, मैदानावर उडवायच्या हातभर विमानाच्या इंजिनासाठी इंधन तयार करतात. मिथेनॉल, एरंडेल आणि इंजिनाला जोर देणारं नायट्रो, काचेच्या मापाने, जीभ दातांत धरून. त्या वेळी घर पेटलंय म्हणून हाक मारली तरी "थांब, थेंब मोजतोय" म्हणतील.

थंडीत नायट्रो वाढवावं लागतं, नाहीतर इंजिन चालू व्हायला कुरकुरतं, एवढं आता मलाही पाठ झालंय. उन्हाळ्यात दहा टक्के, थंडीत पंधरा, कडाक्याच्या थंडीत वीस. तीन बाटल्या, आणि प्रत्येकीवर चिठ्ठी: 'हलवून वापरा. थंड व कोरड्या जागी ठेवा.'

धाकट्या भावजींचं विमान बॅटरीवर उडतं. ते गेल्या आठवड्यात म्हणाले, "दादा, एरंडेल पोट साफ करायला असतं. मोटर बसव आणि सुखी हो." हे तापले आणि बोलून बसले, की रविवारी अकराच्या आत इंजिन चालू झालं नाही, तर काढून मोटर बसवीन. दिलेला शब्द हे मोडत नाहीत, ही त्यांची मोठीच खोड आहे.

मी आधी हसले, मग घाबरले. मोटर बसली की मापात ओतायला काय उरणार? दुकान बंद केल्यावर हा माणूस तीन महिने खिडकीपाशी नुसता बसून होता. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं.

रविवारी मैदानावरचं गवत गारठून ताठ झालं होतं. मी घडीच्या खुर्चीवर, अंगावर ब्लँकेट, दुखऱ्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. पंधरा टक्क्यांवर विमानाचा पंखा नुसता फिरला. वीसवर इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. झालं, हे कागद काढून पंचवीस टक्क्यांचा हिशेब मांडायला बसले.

तेवढ्यात भावजींनी स्वेटरच्या आतून बॅटरी बाहेर काढली.

"काय हो, उबवताय?" मी विचारलं.

"थंडीत मरगळते, वहिनी. पोटाशी धरली की ताजी राहते."

मी वीसच्या बाटलीला हात लावला. बर्फ.

"अहो, ह्या कुठे ठेवल्या होत्या?"

"गॅलरीत. थंड जागी ठेवायच्या असतात."

"इंधन आहे ते, खोकल्याचं औषध नाही."

"नायट्रो कमी पडतंय," हे मान वर न करता म्हणाले. ह्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि ती ब्लँकेटखाली, गुडघा आणि पिशवीच्या मध्ये सरकवली. हिशेब चालला होता तोवर बाटली छान कोमट झाली.

अकराला पाच कमी असताना मी ती पुढे केली.

"काय मिसळलंस?"

"काही नाही."

त्यांनी बाटली उजेडात धरली, वास घेतला, माझ्याकडे संशयाने पाहिलं. पण वेळ नव्हता. टाकी रिकामी करून पुन्हा भरली, पंखा फिरवला. तिसऱ्या फिरकीला इंजिन असं ओरडलं की भावजी मागे सरले. ह्यांच्या चष्म्यावर तेलाचे शिंतोडे उडाले, आणि त्याआड ते हसत होते. मला फार बरं वाटलं.

"वहिनी, हे पैजेत नव्हतं," भावजी कुरकुरले.

"तुमच्याच पोटावरून शिकले," मी म्हटलं.

संध्याकाळी टेबलावर बाटल्या मांडून ह्यांनी नव्या चिठ्ठ्या लिहिल्या: 'हलवून वापरा. वापरण्यापूर्वी पंधरा मिनिटं बायकोच्या गुडघ्याशी.'

"आणि मी नसले तर?" मी चिडवलं. "शेजारणीचा गुडघा चालेल का?"

त्यांनी चष्मा पुसला, पेन पुन्हा उचललं आणि डॉक्टर काही मोजक्या औषधांपुढे लिहायचे ती ओळ तिन्ही चिठ्ठ्यांवर लिहिली.

'बदली चालणार नाही.'