पडद्यावरचा पापुद्रा

चंद्रहासरावांना जन्मभर दुसऱ्याच्याच चुका दिसत आल्या. त्यामुळे तुळिंजच्या फ्लॅटला बसवलेलं नवं ग्रिल त्यांना वाकडं दिसलं, तेव्हा सुमेधाला नवल वाटलं नाही. ग्रिलवाल्या गॉडफ्रेला त्यांनी अख्ख्या मजल्यासमोर झापलं, "गज लाटेसारखा वळलाय! आंधळा आहेस का?"

गॉडफ्रेनं पट्टी लावून दाखवली. गज सरळ होता.

"मग पट्टीच वाकडी!"

नवऱ्याची लाज वाटण्याची सुमेधाला सवय होती. पुढे पेपरातली अक्षरंही वाकडी दिसतात म्हणून ते छापखान्याला शिव्या घालू लागले, तेव्हा तिनं सरळ त्यांचा डावा डोळा हातानं झाकला. "वाचा आता." उजव्या डोळ्याला मथळासुद्धा लागेना.

वसईला डॉक्टर विनितांनी स्कॅन काढला. "मोतीबिंदू नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पातळ पापुद्रा आलाय. तो आकसला की पडदा चुरगळतो, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते."

"थेंब द्या."

"थेंबांनी जात नाही, चष्म्यानंही नाही. त्रास कमी असता तर नुसतं लक्ष ठेवलं असतं. तुमची नजर बरीच उतरलीय. ऑपरेशन करून पापुद्रा सोलून काढता येतो."

"नजर पहिल्यासारखी होईल?"

"बहुतेकांची सुधारते, पण सावकाश. पूर्ण पहिल्यासारखी होईलच असं नाही. पुढे मोतीबिंदू लवकर वाढतो, आणि क्वचित पडदा सुटण्याचा धोका असतो."

"खात्रीच नाही, तर शिकलात काय?" चंद्रहासराव कुत्सित हसले.

त्यांच्याकडे न बघता सुमेधानं विचारलं, "थांबलो तर?"

"पडदा जास्त चुरगळला, तर नंतर ऑपरेशनचा फायदा कमी होईल."

घरी येताच साहेबांनी सातिवलीच्या कुणा मित्राकडून मधाचे थेंब आणले. डोळा टोमॅटोसारखा लाल झाला. सुमेधानं बाटली मोरीत ओतली. "यापुढे तुमचे मेसेज, गोळ्यांची नावं, काही वाचून देणार नाही. तुमच्या मित्राला बोलवा."

मित्र काही आला नाही. आठवड्याभरानं चहा कपाबाहेर ओतून घेतल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पुटपुटले, "तारीख घे." माणूस घाबरलाय, हे तिला कळलं. पण कीव काही आली नाही.

ऑपरेशन झालं. काही महिन्यांत रेघा बऱ्याच सरळ झाल्या, बारीक अक्षर मात्र अडखळतच राहिलं.

परवा शेजारची शर्ली सांगत होती, तिच्या आईला दाराची चौकट वाकडी दिसते. "थेंबबिंब घालू नका," चंद्रहासराव ऐटीत म्हणाले, "आधी स्कॅन काढा. मी स्वतः सगळा अभ्यास करूनच निर्णय घेतला."

सुमेधा आत भाजी चिरत होती. सल्ला तरी बरोबर दिला, म्हणून ती गप्प राहिली.