वाडग्यातला बर्फ

जनीने जन्मात कधी बर्फ तोंडात घातला नव्हता. पनवेलच्या मच्छी बाजारात चाळीस वर्षं ती रोज सकाळी बर्फाची लादी फोडत आली; पण बर्फ मेलेल्या मासळीसाठी, जित्या माणसाने तो खायचा नाही, हा तिचा कायदा. लेकाने, कल्पेशने, लहानपणी टोपलीतला खडा चोखला, तर तिने त्याच्या थोबाडीत दिली होती. तोच कल्पेश अकरा महिन्यांपूर्वी परदेशी बोटीवर नोकरीत असताना छातीत कळ येऊन गेला, आणि बोटीच्या थंड खोलीत बारा दिवस पडून मग घरी आला.

आज भर दुपारी रिक्षा करून ती करंजाड्याला सुनेच्या खानावळीत आली, ती पहिल्यांदाच. सून मारिसेल, फिलिपिन्सची. कल्पेशच्या बोटीवर स्वयंपाकघरात होती, तिथेच दोघांचं जमलं. येत्या शुक्रवारी ती सहा वर्षांच्या प्राचीला घेऊन कायमची माहेरी निघणार, हे जनीला कळलं तेही एका गिऱ्हाइकाकडून. ‘हितंच राहा’ एवढंच बोलायचं होतं. रिक्षात ती तेच घोकत आली.

अर्धी टेबलं एकावर एक चढवून ठेवलेली. प्राची धावत आली. “आजी, हालोहालो खा! पप्पांचं फेवरेट!”

मारिसेलने काचेचा वाडगा पुढे ठेवला. किसलेल्या बर्फाचा डोंगर, त्यावर दूध, फणसाचे गरे, नारळ, पाकातला राजमा आणि माथ्यावर जांभळा गोळा.

“ही काय रंगपंचमी मांडलीस?” जनीने गोळा चमच्याने ढोसला.

“कोनफळ आहे, आई. आमच्याकडे पण होतं.”

“कोनफळ मला नको शिकवूस. आन् राजम्यात साखर? तुमच्यात मीठ मिळत नाय का?”

प्राची खिदळली. जनीने माशाचे काटे काढावेत तसा एकेक गरा वेचून खाल्ला. गोळाही संपवला. बर्फ तेवढा तसाच राहिला.

मारिसेल बघत होती. “कल्पेश पण असंच खायचा. तीन वर्षं बर्फ बाजूला. मग एक दिवस खाल्ला. म्हणाला, आईला सांगू नको.”

जनीचे शब्द तयार होते, घोकलेले. आणि बाहेर पडलं ते भलतंच.

“पोरीला हितं ठेव. मी सांभाळीन.”

“आणि मी?”

जनीने वाडगा बाजूला सारला. मयत आणलं त्या दिवशी सगळ्या गावासमोर तीच ओरडली होती, “ही कोन? हिला भायेर उभी करा!” आणि मारिसेल मयत उचलेपर्यंत पोरीला कडेवर घेऊन दाराबाहेर उन्हात उभी होती.

“मी वाट बघितली, आई,” मारिसेल म्हणाली. “वाटलं, तुम्ही बोलवाल.” आवाजात राग नव्हता. राग असता तर जनीला बोलता आलं असतं.

जिच्या तोंडाला अख्खा बाजार टरकायचा, तिची जीभ ओल्या बोंबलासारखी लुळी पडली. तिने वाडगा ओढला आणि बर्फ खायला लागली. दात कळवळले, कपाळात सणक गेली, तरी थांबली नाही. तळाचं जांभळं पाणीसुद्धा प्यायली.

“आजीने बर्फ खाल्ला!” प्राचीने टाळ्या पिटल्या.

मारिसेलला कळलं. ती टेबलावर वाकली. “एकदा म्हणा, आई. राहा म्हणा. तिकीट मी फाडते.”

जनीने पदराने ओठ पुसले. नातीकडे बघितलं, मग सुनेकडे.

“दूध जरा जास्तच झालंय,” ती म्हणाली आणि उठली. दाराशी क्षणभर थांबली. मागून कोणी हाक मारली नाही. मारायची पाळी मारिसेलची नव्हतीच.

शनिवारी सकाळी बाजारात जनी दांडक्याने लादी फोडत होती. विमान रात्रीच गेलं होतं. एक खडा उडून मांडीवर पडला. तिने तो उचलून तोंडात टाकला.

शेजारी बसणारी रंजिता डोळे फाडून बघत राहिली. “मावशे, तुमी आन् बर्फ?”

“दाढ दुखते,” जनी म्हणाली. “तू तुज्या पापलेटाकडं बघ.”

खडा विरघळेपर्यंत तिने एकाही गिऱ्हाइकाला हाक मारली नाही.